वेशीबाहेरची वीज

१८ ऑगस्ट

लाइट पुन्हा गेली. सकाळची गेली ती जेवणं आटोपली तरी नाही. बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र इन्व्हर्टरवर. बाबांनी नाकातली नळी काढून हातात धरली, म्हणाले, "बॅटरी रवांदे. माका वायच वेळ चलता." चालत नाही. ओठ काळसर व्हायला लागले की मला कळतं, त्यांनाही कळतं. नळी परत लावली. मीच खांबावर चढून तार तोडली असावी असे बघत होते माझ्याकडे.

विहिरीची मोटर बंद. सुमन रहाटाने पाणी ओढतेय. सबस्टेशनला फोन केला : झाड पडलंय, माणसं गेलीत. ते खोटं बोलत नाहीत. आमच्याकडे झाडं पुष्कळ, त्यांच्याकडे माणसं थोडी. पण माझ्या बापाचा श्वास मी त्या झाडांच्या भरवशावर किती दिवस ठेवू?

दिवेलागणीला आली. देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. राग होता.

२१ ऑगस्ट

डोंबिवलीहून भाईचा फोन. थोरला आहे, बोलायचा हक्क त्याचा. "त्यांना इकडे घेऊन ये. इकडे लाइट जात नाही, खाली उतरलं की समोर हॉस्पिटल." आवाज मोठा ठेवला होता, बाबांनी खाटेवरून ऐकलं. "थंय माका कोण वळाखता? लिफ्टवालो?"

भाई म्हणाला, "ते हट्ट करतात आणि तू त्यांना साथ देतोस."

देतो.

२ सप्टेंबर

जनरेटर घ्यायचा. कुडाळात फिरलो.

एका दुकानात बंद पेटीतला डिझेलचा. देखणा, आवाज कमी. एकदा चौथऱ्यावर बसवला की तिथेच. महिनोन्महिने नुसता उभा राहणार आणि ऐन वेळी रुसणार. यंत्र न वापरता ठेवलं की रुसतं, हे मी फवारणीच्या पंपाकडून शिकलोय.

तिथेच पेट्रोलचा छोटा, हाताने उचलता येणारा. मागच्या वादळात असाच भाड्याने आणला होता. वीज खाली-वर, बाबांचं यंत्र सारखं कोकलत होतं. विहिरीची मोटर त्याच्याने उचलत नाही. आणि वादळात डब्यातून पेट्रोल मिळवायचं म्हणजे पंपावाल्याचे पाय धरायचे.

दुसऱ्या दुकानात कोपऱ्यात एक अल्टरनेटर. त्याला स्वतःचं इंजिनच नाही. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो, ज्याच्यावर फवारणीचा पंप चालतो, त्याच दांड्यावर हा फिरतो आणि वीज करतो. ट्रॅक्टर माझ्याकडे आहे, बागेतला छोटा. रोज चालतो. त्याचा खोकलासुद्धा ओळखीचा. डिझेल घरात असतंच.

दुकानदार म्हणाला, "घरासाठी हा कोणी नेत नाही."

मग मी नेतो, म्हटलं. उगाच जरा जोरात म्हटलं गेलं.

७ सप्टेंबर

वाडीत बातमी पोचली. बाबल वायरमन कुंपणाच्या गडग्याबाहेरूनच, "नाना, बल्ब पेटवूक ट्रॅक्टर? उद्या दाढी करूक जेसीबी हाडशात!"

हसू दे.

बायकोचा प्रश्न मात्र खरा. भाकरी थापता थापता सुमन म्हणाली, "मोहर इलो की तुमी ट्रॅक्टर घेवन फवारणीक जातल्यात. तेव्हा लायट गेली तर? दांडो एकच मां?"

भाकरी उलटून उत्तरही तिनेच दिलं. "इन्व्हर्टर चलता तवसर मी फोन करीन. पंप सोडायचो आणि येवचा. आणि फोन लागता थंयच फवारणी करा, तंबाखू मळूक मागल्या कोपऱ्यात जावन बसा नकात."

१९ सप्टेंबर

परत कुडाळ. दुकानदार मोठा गळ्यात मारतोय. "मालक, हा तीन फेजचा घ्या. उद्या एसी येईल."

ट्रॅक्टरच्या पुस्तकात जी ताकद छापलेली असते ती इंजिनाची. दांड्यापर्यंत येते ती तिच्याहून कमी, आणि विजेसाठी त्यातलीही सगळी धरायची नाही, इंजिनाला दम राहिला पाहिजे. रात्रभर ओढत बसलेल्या ट्रॅक्टराने पहाटे गुडघे टेकले तर मोठेपणा काय करायचा? माझ्या ट्रॅक्टरला झेपेल एवढाच घेतला. लहान, सिंगल फेज, व्होल्टेज आपोआप सांभाळणारा. दुकानदाराचा चेहरा उतरला.

गाडीत घालताना त्याला हात लावून नमस्कार केला. कोणी बघितलं नाही.

२८ सप्टेंबर

बाबलशी भांडण. त्याचं म्हणणं, एक वायर पडवीतल्या प्लगात खुपसायची, "बटण मारला की सगळा घर लखलखीत." म्हणजे ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाणार. आणि वादळात खांबावर लाइनमन असतो, आमच्याचसाठी चढलेला.

"पयलो मेन पाडूचो, मगे बटण," बाबल म्हणाला.

"इसारलंस तर?"

"इसराचंय नाय."

"मी इसरान. माणूस इसारता रे."

एका वेळी एकच बाजू जोडणारा स्विच बसवून घेतला. एक तर खांबाची वीज, नाही तर ट्रॅक्टरची. दोन्ही एकत्र होऊच शकत नाहीत. बाबलने तोंड फुगवून काम केलं, पण नीट केलं.

मग चाचणी. बाबांचं यंत्र, फ्रीज, दिवे, सगळं मजेत. विहिरीची मोटर सुरू केली तसा ट्रॅक्टरचा आवाज खाली बसला आणि यंत्र ओरडलं. धडा : मोटर चालू असेल तेवढा वेळ यंत्र बॅटरीवर. स्विचशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

बाबा म्हणाले, "आवाज बरो आसा. एकटा वाटणा नाय."

९ नोव्हेंबर

गावपळणीचा कौल झाला. देवाला लावलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. देवदिवाळी झाली की सगळा गाव वेशीबाहेर, तीन दिवस नि तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. गाव देवाला मोकळा करून द्यायचा. परत यायचं तेही त्याने कौल दिला तरच.

बाबांना कसं सांगावं ह्या विचारात घरी आलो. त्यांनी ढोल ऐकला होता. "खंय घालतलंस मांडव?"

१२ नोव्हेंबर

गावकर आले. देवाचे मानकरी, कौल लावण्याचा मान त्यांच्या घराचा. चहा घेऊन हळूच म्हणाले, "नाना, म्हाताऱ्याक घरातच रवांदे. एक माणूस सोबतीक ठेव. आजाऱ्याचा देव समजान घेता. कोण बोलाचो नाय."

चांगल्या मनाने म्हणाले. पण बाबा आतून, "गावकरा, मी मेलंय काय रे? गाव वेशीभायर आणि मी एकटो भुतासारखो हंय?"

रात्री भाईचा फोन. "तीन दिवस ओरोसच्या हॉस्पिटलात ॲडमिट करू. खाट मिळेल, मी बघतो."

खाट मिळेल. पण बाबांना मांडव पाहिजे. गेले दोन पावसाळे त्यांनी खिडकी सोडून काही बघितलेलं नाही.

मी नेतो म्हणालो. ट्रॅक्टर जाईल तिथे वीज जाईल. घेताना हे मनात होतं का? नव्हतं. खोटं कशाला लिहू. त्या वेळी फक्त वादळ दिसत होतं.

भाई म्हणाला, "काही झालं तर जबाबदारी तुझी."

माझीच.

१३ नोव्हेंबर

देवळात गेलो होतो. बाबांना नेऊ की नको, कौल लावून घ्यावा असं घरून निघताना ठरवलेलं. गावकर समोर होते, पाकळ्या ताटात होत्या. विचारलं नाही.

डावा कौल, म्हणजे नकार झाला असता तर मी तो पाळला नसता. जे उत्तर पाळणार नाही ते देवाकडे मागायचं म्हणजे थट्टा. नुसता नमस्कार करून आलो. येताना वाटेत वाटत होतं, हीसुद्धा एक पळवाटच. असेल.

१६ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, "मी हो म्हणणार नाही." आणि मग स्वतःहूनच सांगितलं, भरलेले सिलिंडर किती जवळ ठेवायचे, बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा कुठे आला की थांबायचं नाही, सरळ गाडीत घालायचं. उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

२० नोव्हेंबर

वाडीचं बिनसलंय. दर गावपळणीला आख्ख्या वाडीचं सामान माझ्या ट्रॉलीतून जातं. ह्या खेपेला ट्रॅक्टर एकदा अल्टरनेटरला जोडला की हलणार नाही. शेजारची पार्वतीकाकी कमरेवर हात ठेवून उभी. "तुझ्या बापाशीक वारो आणि माझ्या कोंबड्यांक काय? चलत धाडू त्यांका?"

म्हटलं, "आदल्या दिवशी दिवसभर खेपा मारतंय, काकी. सगळ्यांचा सामान न्हेतंय."

"आदल्या दिवशी? आणि रातची आमी जेवची कशात? तुझ्या ट्रॅक्टराच्या टपात?"

शेवटी टोपल्यांखाली झाकलेल्या कोंबड्या माझ्या जीपगाडीतून जायच्या ठरल्या. बाबांच्या आधी. हे तिने वदवून घेतलं.

२४ नोव्हेंबर

जागा बघायला वेशीबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर. मांडव सगळे एका ओळीत पडतात, काजूच्या सावलीला. ट्रॅक्टर चालू करून दाखवला. मग एकजण, "ह्या भडभडीत भजन कोण आयकतलो?" बरोबर आहे. गावपळणीत शांतता असते, तिच्यासाठीच तर माणसं मुंबईहून येतात.

म्हणजे आम्ही लांब मांडव घालायचा. म्हणजे बाबा पुन्हा एकटे. मग नेऊन काय केलं?

आणखी एक. कातळावर अर्थिंगची सळी वीतभरही जात नाही. बाबल घामाघूम. "नाना, हो दगड आसा, लोणी न्हय."

२५ नोव्हेंबर

सकाळी पूजा करताना सुचलं. मांडवांच्या मागे उताराला जुनी चिरेखाण आहे, बंद पडलेली. ट्रॅक्टर खाणीच्या तोंडाशी आत घातला तर आवाज भिंतींत अडतो, धूर वाऱ्याबरोबर दरीत. तळाला अजून पावसाचं पाणी आहे, कडेची माती ओली, तिथे सळी गेली. तिथून मांडवापर्यंत केबल. पहिली बारीक होती, वाटेतच वीज अर्धी झाली आणि यंत्र ओरडलं. जाड आणली.

मांडवाच्या जागी उभं राहून ऐकलं. दूर कोणी तरी सावकाश दळतंय, एवढाच आवाज.

बाबांना सांगितलं कुठली खाण ती. तरुणपणी ते त्याच खाणीत चिरे काढायचे, तीच लाल धूळ छातीत बसली असं डॉक्टर म्हणतात. बाबा म्हणाले, "माझो वारो तिनाच घेतलो. आता वायच परत देवंदे."

४ डिसेंबर

गाव सुटला. पहाटेपासून रांग. आधी कोंबड्या (काकीने मोजून चढवल्या, मोजून उतरवल्या), मग बाबा, मांडीवर सिलिंडर. वेशीवर गाडी थांबवायला लावली. मागे वळून हात जोडले. काय म्हणाले ते पुटपुटण्यात गेलं.

मांडवात खाट. यंत्र सुरू. ट्रॅक्टर एका सुरात. सुमनने खाट अशी लावली की बाबांना सगळी ओळ दिसते. दुपारपर्यंत त्यांच्याकडे माणसांची रीघ. ज्यांना दोन वर्षं भेटले नव्हते ते सगळे. बोलता येत नाही फार, तरी शिव्या चांगल्या देत होते.

बाबल भजनाला मोठा स्पीकर घेऊन आला. "नाना, एक वायर."

"नाय."

"आरे देवाचा नाव घेवक!"

"देवाक आयकाक येता. मोबाइल चार्ज करूक एक बोर्ड ठेवलंय, तेवढोच."

"शिरा पडो तुझ्या ट्रॅक्टरार," म्हणाला, आणि मोबाइल लावून गेला.

५ डिसेंबर

संध्याकाळी इंजिनाला विश्रांती, तेवढा वेळ यंत्र बॅटरीवर. मग परत ट्रॅक्टर. तेल-पाणी बघितलं. ठीक.

भजनात बाबांनी मध्येच एक ओळ धरली. पुरी करता आली नाही. समोरच्यांनी ती उचलली आणि वाट बघत तीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, त्यांना दम येईपर्यंत. मी उठून ट्रॅक्टर बघायला गेलो. ट्रॅक्टरला काही झालं नव्हतं.

बाबांचे पाय सुजलेत.

६ डिसेंबर

भाई आला. गाडी घेऊन, न कळवता. बाबांशी हसून बोलला, मग मला खाणीकडे घेऊन गेला. ट्रॅक्टरशेजारी उभे राहून भांडलो, ओरडावंच लागत होतं.

"तू हे बाबांसाठी करतोयस की गावाला दाखवायला?"

"दोन्ही."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. दाखवायचं आहेच. आजारी माणूस म्हणजे घरात लपवायची गोष्ट नाही, हे दाखवायचं आहे. भाई अल्टरनेटरकडे वाकला. "गरम होत नाही हे?" म्हणाला. हात लावून बघ, म्हटलं. त्याने लावून बघितला.

७ डिसेंबर

आज परतायचा दिवस. सगळ्यांनी सकाळीच बोचकी बांधली. दुपारी गावकर आणि दोन मानकरी देवळात गेले. ढोलाची वाट बघत आख्खा गाव वेशीकडे कान लावून.

ढोल वाजला नाही. गावकर चालत परत आले. कौल झाला नाही. पाकळी हललीच नाही. उद्या सकाळी पुन्हा.

असं पूर्वी झालेलं आहे, म्हाताऱ्यांना आठवतं. पण कुजबूज सुरू व्हायला वेळ लागला नाही. इंजिन चालू आहे ना. गाव शांत पाहिजे देवाला. कधी कोणी गावपळणीत वीज नेली होती? पार्वतीकाकी त्यांच्यावर खेकसली, "म्हणजे देव ट्रॅक्टराक भियालो?" तरी कुजबूज राहिली.

चार वाजता गावकर मांडवात आले. खाली बसले, टोपी काढली. "नाना, मी सांगणंय नाय, लोक सांगतत. उद्या कौल लावतलो तेवढोच वेळ ट्रॅक्टर बंद ठेव. बॅटरी आसा मां?"

आहे. तेवढा वेळ आरामात निघाला असता. गावकरांना माहीत, मलाही माहीत. बाबांना काहीसुद्धा झालं नसतं.

"नाय," म्हटलं.

"हट्ट कित्याक करतंस?"

"बंद केलंय आणि उद्या कौल झालो, तर गाव काय म्हणतलो? म्हाताऱ्याच्या श्वासान देव अडलो हुतो. मगे फुडच्या गावपळणीक कोण आपल्या आजारी म्हाताऱ्याक भायर घेवन येतलो? बंद करणंय नाय, गावकरानु. देवाक राग आसा तर माझ्यार काढूचो."

सुमनने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं नाही. भाई खांबाला टेकून उभा होता. तो आता गावकरांची बाजू घेणार म्हणून मी तयार होतो. तो म्हणाला, "ट्रॅक्टर बंद होणार नाही." आणि मग मला, "पण उद्या काहीही होवो, मी त्यांना ओरोसला नेणार."

ते उद्या बघू.

बाबा डोळे मिटून होते. झोपलेत वाटलं. नळी नीट करत म्हणाले, "गावकरा, घाय कोणाक आसा? घरात जावन मी ता छपरच बघतलंय. देवाक सांग, सावकाश होवंदे."

गावकर उठले नाहीत. बसून राहिले. सुमनने चहा ठेवला.

सहा वाजले. बोटावरचा आकडा सकाळपेक्षा खाली, डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेच्या अजून वर. भाईला दाखवला, लपवला नाही. त्याने जाऊन गाडीचं तोंड रस्त्याकडे फिरवून ठेवलं. मी खाणीत उतरून टाकी भरली. डिझेल पुरेल. बाबांनी बाबलला बोलावलंय, भजन आज इथे, आपल्याच मांडवात व्हायला पाहिजे म्हणतात. स्पीकर न घेता येतो म्हणालाय.